पुठ्ठ्याच्या खोक्यातून पार्सलने सायकल : अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नवी सायकल कारखान्यातून ज्या खोक्यात येते, तसल्याच पाचपदरी पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधून मी माझी डिस्क ब्रेकची रोड सायकल गेले अनेक महिने पार्सलने पाठवत आणि परत मागवत आहे. एवढ्या वापरानंतर माझे मत ठाम झाले आहे : खोके कितीही जाड असले तरी आत सायकल हलत असेल तर त्याचा उपयोग नाही, आणि आत काहीच हलत नसेल तर साधा पुठ्ठाही पुरतो. महागड्या कठीण पेटीची उणीव मला अद्याप भासलेली नाही.

सायकल सुटी करण्याचे काम सरावाने पटकन उरकते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटते, एवढे लक्षात ठेवावे. सीटचा दांडा काढण्यापूर्वी फ्रेमला लागून त्यावर चिकटपट्टीचा वेढा द्यावा, म्हणजे जोडताना उंची पुन्हा शोधावी लागत नाही. टायरमधली हवा कमी करावी, पण पूर्ण काढू नये. थोडी हवा राहिली तर रिमला थेट धक्का बसत नाही.

खरी कसोटी तीन जागी लागते. पहिली जागा फोर्कची, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागाची. चाक काढलेल्या फोर्कचे दोन पाय बाजूने दाब आला तर आत दबतात, म्हणून त्यांच्या टोकांमध्ये आधार बसवावाच लागतो. नव्या सायकलीसोबत येणारा प्लास्टिकचा तुकडा दुकानदार बहुधा टाकून देतात. तो मागून घ्यावा, आणि तो आपल्या फोर्कच्या रुंदीचा आहे ना हे पाहावे. डिस्क ब्रेक असल्यास पॅडच्या फटीतही पातळ तुकडा घालावा, कारण वाटेत लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात.

दुसरी जागा मागच्या डिरेलरची, म्हणजे गिअर बदलताना चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाची. त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, म्हणजे हँगर, मऊ ॲल्युमिनियमचा असतो, कारण आघात झाल्यास फ्रेमऐवजी तो वाकावा अशीच त्याची रचना आहे. परंतु अकरा गिअरच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचात, शेजारच्या दोन चकत्यांतले अंतर ४ मिलिमीटरपेक्षाही कमी असल्यामुळे हँगर डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकला तरी गिअर नीट बसेनासे होतात. म्हणून मी केबल आणि चेन तशीच ठेवून डिरेलर हँगरवरून सोडवते, फोममध्ये गुंडाळते आणि फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात आतल्या बाजूला बांधून टाकते. हे करायला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि तेव्हापासून गिअर एकदाही जुळवावे लागलेले नाहीत.

तिसरी जागा पुढच्या चाकाच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची. सुरुवातीच्या फेऱ्यांत हबच्या टोकाने पुठ्ठ्याला बोट जाईल एवढे गोल भोक पाडले होते. टोकावर प्लास्टिकची टोपी आणि त्यामागे पुठ्ठ्याची दुहेरी पट्टी आल्यापासून ती बाजू शाबूत आहे. सुटे भाग एका छोट्या डब्यात घालून डबा फ्रेमलाच बांधावा, नाहीतर खोक्याच्या हातधरणीच्या भोकातून ते गळून पडू शकतात.

साहित्यापैकी पाइपांवर चढवायच्या फोमच्या नळ्या उत्तम टिकल्या. बबल रॅपचे फुगे मात्र लवकर फुटले, त्यामुळे तो मी बंद केला.

नाराजी आहे ती आकारमानाच्या वजनाबद्दल. पार्सल नेणाऱ्या अनेक वाहक कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि आलेला आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा मोठा असल्यास त्यावरच शुल्क लावतात. १३५ × ७५ × २० सेंटिमीटरच्या खोक्याचे असे वजन ४०.५ किलो भरते, मग आतली सायकल दहा किलोची का असेना. म्हणून दोन्ही चाके काढून लहान खोके वापरता येते का, हे आधी मोजून पाहावे. मात्र मग फ्रेमच्या मागच्या, चाक बसते त्या दोन टोकांमध्येही आधार द्यावा लागतो.

‘ही बाजू वर’ असे लिहिले तरी खोके आडवे पडणार आणि त्यावर इतर सामान रचले जाणार, हे गृहीत धरूनच बांधावे. नुकसानीचा दावा करताना बांधणी अपुरी होती असे उत्तर येण्याची शक्यता असते. त्यामुळे बंद करण्यापूर्वी आतले आणि बंद केल्यावर सहाही बाजूंचे फोटो मी काढून ठेवते. ई-सायकलच्या बाबतीत लिथियम बॅटरी धोकादायक मालात मोडते, म्हणून वाहकाचे नियम आधी विचारल्याशिवाय ती खोक्यात घालू नये.

पुठ्ठ्याचे कोपरे हाताने दाबल्यावर मऊ लागू लागले की मी खोके बदलते. ओल लागलेला पुठ्ठा वाळल्यावर वरून धड दिसला, तरी त्याची ताकद पूर्वीची राहत नाही, आणि वर चिकटपट्टीचे कितीही थर दिले तरी ती परत येत नाही.