वाढत्या करडांच्या मिश्र आहारासाठी झाडपाला: सुबाभूळ, शेवरी की बांधावरची बाभूळ-अंजन?

दूध तुटल्यापासून विक्रीपर्यंत, म्हणजे साधारण तीन ते दहा महिन्यांच्या वयात, शेळीच्या करडांना प्रथिनांची मोठी गरज असते आणि कोरडवाहू भागातील चाऱ्यात उणीव असते तीही प्रथिनांचीच. एकूण आहाराच्या शुष्क भागात (पाण्याचा अंश वगळून उरणाऱ्या भागात) 14 ते 16 टक्के प्रथिने असावीत, असे मानले जाते; ज्वारीच्या कडब्यात ती चार-पाच टक्केच मिळतात आणि तुरीच्या भुसकटात सात-आठ. ही तूट पेंडीने भरून काढता येते, परंतु पेंड विकत आणावी लागते. म्हणून झाडपाल्याची निवड करताना तो किती पेंड वाचवतो आणि उन्हाळ्यात हाताशी असतो का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

पंधरा किलो वजनाचे उस्मानाबादी करडू घेऊ. त्याला दिवसाला सुमारे 600 ग्रॅम शुष्क आहार लागतो. त्यातील 200 ग्रॅम सुबाभळीचा पाला, 250 ग्रॅम तुरीचे भुसकट, 100 ग्रॅम मक्याचा भरडा आणि 50 ग्रॅम शेंगदाणा पेंड दिली, तर प्रथिनांचे प्रमाण साडेपंधरा टक्क्यांच्या जवळ जाते. पाला काढून त्या जागी भुसकटच वाढवले तर ते अकरा टक्क्यांपर्यंत घसरते आणि पूर्ववत आणण्यासाठी प्रत्येक करडामागे रोज 80 ते 90 ग्रॅम जास्तीची पेंड घालावी लागते. खनिज मिश्रण आणि मीठ दोन्ही पद्धतींत द्यावेच लागते.

या हिशेबात सुबाभूळ उजवी ठरते. तिच्या पाल्यात प्रथिने 20 ते 25 टक्के असतात, मुळे खोल जातात, एकदा लावलेले झाड अनेक वर्षे छाटणी सोसते आणि करडे पाला आवडीने खातात. तिचा खरा दोष म्हणजे पाल्यातील मिमोसिन हे विषारी द्रव्य. कोवळ्या शेंड्यांत ते अधिक असते; पाल्याचे प्रमाण फार वाढले की केस गळणे, लाळ गळणे, खाणे मंदावणे आणि गळ्यातील ग्रंथी सुजणे ही लक्षणे दिसू शकतात. शेळीच्या पोटातील काही जिवाणू या विषाचे विघटन करतात, तथापि आपल्या कळपात ते पुरेसे आहेत हे गृहीत धरू नये. सुबाभूळ एकूण शुष्क आहाराच्या एक-तृतीयांशापलीकडे नेऊ नये आणि तिथपर्यंतही दहा-पंधरा दिवसांत हळूहळू पोहोचावे. पाला वाळवल्याने मिमोसिन काही अंशी कमी होते, हा वाळवण्याचा एक फायदा.

शेवरीत मिमोसिन नाही, प्रथिने जवळपास तितकीच आहेत आणि पाला मऊ व पचायला हलका असतो. पानमळ्यात वेलींना आधार म्हणून शेवरी लावणाऱ्यांना तिची वाढ किती वेगाने होते हे ठाऊक असते. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत, जिथे सुबाभूळ तग धरत नाही, तिथे शेवरीच लावावी. मात्र तिचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे असते, फार खाली कापल्यास ती मरते आणि जोमदार पाल्यासाठी तिला पाणी लागते. ज्याच्या विहिरीचे पाणी फेब्रुवारीतच तळाला जाते, त्याने उन्हाळ्यासाठी एकट्या शेवरीवर विसंबू नये.

बाभूळ आणि अंजन यांना लागवडीचा खर्च नाही, हे त्यांचे मोठे बळ. बाभळीच्या शेंगा ऐन उन्हाळ्यात पिकतात. त्या भरडून द्याव्यात, नाहीतर कठीण बिया न पचता लेंडीतून बाहेर पडतात. परंतु या झाडांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते आणि ते प्रथिनांना बांधून ठेवते, त्यामुळे खाल्लेल्या प्रथिनांचा काही भाग करडाच्या उपयोगी पडत नाही. अंजनाच्या पाल्यात मुळातच प्रथिने सुबाभळीच्या निम्म्याहून कमी असतात. थोडे टॅनिन मात्र वाईट नाही: ते पोटातील जंतांवर काही अंशी अंकुश ठेवते. म्हणून हा पाला भुसकटाचा काही भाग कमी करून द्यावा. पेंडीऐवजी तो दिल्यास करडांची वाढ खुंटते, आणि ही चूक गावोगाव दिसते.

कोकणात गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड मुबलक आहे. त्याच्या वासामुळे शेळ्या प्रथम तोंड फिरवतात. पाला रात्रभर सुकवून दिल्यास बहुतेक खाऊ लागतात.

हलक्या, निचऱ्याच्या जमिनीच्या कोरडवाहू शेतकऱ्याने बांधावर सुबाभूळ लावावी आणि बाभळीच्या शेंगा पूरक म्हणून वापराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. बारमाही पाणी असणाऱ्याने शेवरी आणि सुबाभूळ आलटून-पालटून द्यावी, म्हणजे मिमोसिनचा प्रश्न आपोआप सौम्य होतो. ओला पाला गव्हाणीत पसरण्यापेक्षा जुड्या बांधून करडांच्या तोंडाच्या उंचीवर टांगावा, कारण पायाखाली आलेला पाला ती खात नाहीत. वीस करडांना उन्हाळ्याचे तीन महिने वरील प्रमाणात पाला द्यायचा असेल, तर सुमारे 400 किलो वाळलेला पाला लागतो. त्यासाठी दीड टन ओला पाला पावसाळा संपताच, ऑक्टोबरमध्ये, ताडपत्रीवर सावलीत वाळवून पोत्यांत भरावा; ताडपत्री हवीच, कारण सुकताना बारीक पाने देठापासून सुटतात आणि मातीत पडलेली पाने पुन्हा गोळा करता येत नाहीत.