विमानाच्या चाकांचा आवाज संगणकावर : बाणेरमधील दोन दिवसांचा वर्ग

विमान उतरताना चाके बाहेर येतात तेव्हा लँडिंग गिअरवर हवेचा किती भार येईल आणि त्यातून किती आवाज निघेल, याचा अंदाज संगणकावर कसा बांधायचा हे शिकवणारा दोन दिवसांचा वर्ग पुण्यात बाणेरमधील एका खासगी संस्थेत मी नुकताच केला. माझे रोजचे काम मोटारींच्या आरशांभोवतीच्या वाऱ्याच्या आवाजाचे आहे आणि घर विमानतळाजवळच्या विमाननगरला आहे, त्यामुळे या विषयाची ओढ जुनीच होती.

पहिला दिवस अतिशय उत्तम झाला. शिक्षकांनी फळ्यावर एक जाड खांब आणि त्याला लागून जाणारी ब्रेकची बारीक नळी काढली. खांबाचा व्यास १० सेंटिमीटर, नळीचा १ सेंटिमीटर, वेग सेकंदाला ७० मीटर आणि स्ट्रोहल अंक (भोवरे सुटण्याचा दर वेग व व्यासाशी जोडणारा अंक) ०.२ धरला, तर खांबामागचे भोवरे सुमारे १४० हर्ट्झने सुटतात आणि नळीमागचे १४०० हर्ट्झने. भाराच्या हिशेबात ती नळी जवळजवळ नसल्यासारखीच असते. पण माणसाचा कान १४० हर्ट्झपेक्षा १४०० हर्ट्झला कितीतरी अधिक तीक्ष्ण असल्यामुळे, मेश (गणितासाठी मॉडेलभोवती आखलेली जाळी) हलकी करताना आपण जे सर्वांत आधी काढून टाकतो तेच आवाजाच्या वेळी नडते. आमच्या आरशांच्या मॉडेलमधून वगळलेल्या खाचा मला तेव्हा एकेक करून आठवल्या. पृष्ठभागावरील दाबाच्या चढउतारांवरून दूरचा आवाज काढण्याचे कर्ल यांचे १९५५ चे आणि फोक्स विल्यम्स व हॉकिंग्ज यांचे १९६९ चे सूत्रही त्यांनी घाई न करता उलगडून दाखवले.

दुसऱ्या दिवशीच्या प्रात्यक्षिकासाठी चार चाकांचे, चौकोनी दांड्यांचे सोपे मॉडेल निवडले होते. हवेचा प्रवाह पृष्ठभागापासून कुठे सुटणार हे चौकोनी कडांमुळे ठरून जाते आणि बंगळूरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये त्यावर प्रत्यक्ष मोजमापे झालेली आहेत, म्हणून ही निवड मला फार योग्य वाटली.

तक्रार आहे ती वेळेची. आम्हा बारा जणांत एकच क्लस्टर (एकत्र जोडलेल्या संगणकांचा समूह) होता. सरासरी भार जेवणाच्या सुट्टीपर्यंत स्थिरावला, पण आवाजाला तेवढे पुरत नाही. पहिल्या दिवशीच्याच खांबाची ५० आवर्तने नोंदवायची म्हटली तरी सुमारे ०.३६ सेकंद लागतात, म्हणजे २० मायक्रोसेकंदांचे सुमारे अठरा हजार टप्पे. शेवटी आवाजाचा आलेख आम्हाला तयारच दाखवण्यात आला, आणि ज्यासाठी आलो होतो तेच हातून करायचे राहिले.

तरीही सीएफडीत, म्हणजे संगणकावर प्रवाहाचे गणित करण्याच्या क्षेत्रात, काम करणाऱ्यांनी हा वर्ग जरूर करावा. फक्त नाव नोंदवण्याआधी प्रत्येकाला क्लस्टरचे किती कोअर (गणित करणारे प्रोसेसरचे भाग) मिळणार आणि प्रात्यक्षिकाच्या फाइली घरी नेता येणार का, हे विचारून घ्यावे. मी त्या मागून आणल्या आणि साहेबांच्या परवानगीने शुक्रवारी रात्री ऑफिसच्या मशीनवर लावल्या. आज चौथा दिवस, अजून निम्मे टप्पे बाकी आहेत.