यीस्टमधलं ट्रेहॅलोज: नॅनोफिल्ट्रेशन की रेझिन?

यीस्ट गरम पाण्यात उकळलं की ट्रेहॅलोज ही साखर बाहेर येते आणि तिला तोडणारं पेशीतलं ट्रेहॅलेज एन्झाइमही निकामी होतं. मात्र हातात उरतो गढूळ, तपकिरी अर्क. त्यात साखरेबरोबर प्रथिनं, न्यूक्लिक आम्लं, अमिनो आम्लं, पोटॅशियम, फॉस्फेट असं सगळं असतं.

पेशींचा गाळ काढल्यावर पहिली पायरी अल्ट्राफिल्ट्रेशनची, आणि ती टाळू नका. ट्रेहॅलोजचा रेणू 342 डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक), तर बहुतेक प्रथिनं हजारो डाल्टनची. साधारण 10,000 डाल्टनहून मोठे रेणू अडवणाऱ्या मेम्ब्रेनमधून, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, साखर पाण्याबरोबर निघून जाते, प्रथिनं मागे राहतात. प्रथिनांसकट अर्क थेट रेझिनवर (क्षारांचे आयन पकडणाऱ्या मण्यांवर) सोडला तर कॉलम लवकर चोंदतो.

खरा प्रश्न क्षारांचा आहे. नॅनोफिल्ट्रेशनमध्ये, म्हणजे याहून बारीक छिद्रांच्या मेम्ब्रेनमध्ये, साखर अडते, लहान क्षार पाण्याबरोबर जातात आणि द्रावण दाटही होतं. पण हिशेब आधी मांडा. टाकीतल्या द्रावणाच्या पाचपट पाणी सोडत धुतलं, तर मेम्ब्रेन मुळीच न अडवणारा क्षार 1 टक्क्याहून कमी उरतो. त्याच धुण्यात, मेम्ब्रेन 99 टक्के साखर अडवत असेल तर सुमारे 5 टक्के साखर वाया जाते. 95 टक्केच अडवत असेल तर तब्बल 22 टक्के. कागदावर चारच टक्क्यांचा फरक दिसतो, म्हणून इथेच फसगत होते. शिवाय फॉस्फेटसारखे दुहेरी ऋणभाराचे आयन बऱ्याच मेम्ब्रेन अडवूनच धरतात.

आयन एक्स्चेंज रेझिन नेमकं हेच फॉस्फेट नीट काढतं. ट्रेहॅलोज अक्षपणकारक (नॉन-रिड्यूसिंग) साखर असल्यामुळे अल्कलीतही टिकतं, त्यामुळे ग्लुकोजइतकी काळजी घ्यावी लागत नाही. अडचण पुनरुज्जीवनाची, म्हणजे भरलेलं रेझिन पुन्हा वापरण्याजोगं करण्याची: प्रत्येक फेरीला आम्ल, कॉस्टिक, भरपूर पाणी आणि शेवटी खारट सांडपाणी. अर्कात क्षार जितके जास्त, तितका हा खर्च वाढतो.

प्रयोगशाळेत काही लिटरच अर्क असेल, तर अल्ट्राफिल्ट्रेशननंतर सरळ रेझिन घ्या. नॅनोफिल्ट्रेशनची उच्च दाबाची यंत्रणा त्यासाठी उभारू नका. रोजचं उत्पादन असेल तर माझा कौल नॅनोफिल्ट्रेशनला, आणि उरलेल्या क्षारांसाठी मागे एक छोटा रेझिन कॉलम. रंगासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन दोन्हीकडे लागतोच.

आणखी एक. पुरवठादाराच्या पत्रकातला अडवणुकीचा आकडा बहुधा मॅग्नेशियम सल्फेटच्या स्वच्छ द्रावणावर मोजलेला असतो. साखरेचा आकडा स्वतःच्या अर्कावर, ज्या तापमानाला काम करणार त्याच तापमानाला मोजून घ्या.