डिस्प्ले येत नाही म्हणजे मदरबोर्ड गेला असं कोणी सांगितलं तर आधी हे वाचा

आमचा डेस्कटॉप २०१२ सालचा, असेंबल केलेला, डीडीआर३ रॅमच्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या. इतकी वर्षं काही त्रास नव्हता. एक दिवस बटण दाबलं, लाइट लागला, पंखे फिरले, पण स्क्रीन काळी ती काळीच, मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येऊन तोही बंद. आतून एक लांब बीप येत होती, थोडं थांबून परत तीच. त्या बीपला काही अर्थ असतो हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

रिपेअरवाल्याला बोलावलं. त्याने झाकणसुद्धा उघडलं नाही, दोनदा चालू-बंद केलं आणि म्हणाला बोर्ड उडालाय, घेऊन जावं लागेल. मी म्हटलं न्या. तीन दिवसांनी फोन आला की नवीन बोर्ड बसवलाय, आणि बोर्ड बदलला की विंडोज परत टाकावंच लागतं म्हणून फॉरमॅट मारलंय. मी विचारलं माझा डेटा? तर म्हणे बोर्ड गेला की डेटा पण जातोच. हे साफ खोटं आहे! डेटा हार्ड डिस्कवर असतो, बोर्ड जळून गेला तरी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की सगळं दिसतं. पण मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि नव्या बोर्डाचे पूर्ण पैसे दिले.

पाच आठवड्यांत परत तेच, काळी स्क्रीन. फरक एवढाच की या वेळी बीप नव्हती. मावसभाऊ हार्डवेअरचं काम करतो, त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, “अरे आधी प्लग काढ, मग झाकण उघड आणि मला आतलं दाखव.” उघडलं तर कॅबिनेटमधला तो छोटा स्पीकर असतो ना, त्याची वायर बोर्डावरून काढलेली, नुसती लोंबत होती. आणि रॅमची पट्टी एकच! दुसरा स्लॉट रिकामा. महिनाभर कॉम्प्युटर स्लो चालत होता ते यामुळे, आणि मी समजत होतो नवीन विंडोज जड आहे.

भावाने स्पीकरची वायर लावायला सांगितली, मग रॅम पूर्ण काढून चालू करायला सांगितलं. तीच लांब बीप. “बोर्ड जिवंत आहे तुझा, मेलेला बोर्ड ओरडत नाही,” तो म्हणाला. मग परत प्लग काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून (अंगातला स्टॅटिक करंट जावा म्हणून), पट्टीचे सोनेरी पॉइंट खोडरबराने हलके पुसले, पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन्ही क्लिप लागेपर्यंत दाबली, बटण दाबलं आणि डिस्प्ले आला. सगळं मिळून दहा मिनिटं. म्हणजे पहिल्या दिवशीसुद्धा एवढंच होतं, आणि ती बीप तेच सांगत होती, बऱ्याच जुन्या बोर्डांवर अशी लांब बीप परत परत आली की रॅमचाच प्रॉब्लेम असतो.

मग शंका आली म्हणून बोर्डाचा जुना खोका शोधला. खोक्यावरचा सीरियल नंबर आणि बोर्डाच्या स्टिकरवरचा नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत एकच निघाला. नवीन बोर्ड वगैरे काही नव्हतंच, माझाच बोर्ड मला परत विकला आणि वर एक रॅम काढून घेतली. फोन केला तर म्हणाला मी बदलला नाही, रिपेअर केलाय, बिल बघा. बिलावर खरंच फक्त ‘कॉम्प्युटर रिपेअरिंग’ लिहिलेलं, ना बोर्डाचं नाव ना नंबर, तक्रार करायची तर हातात काहीच नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, मशीन घराबाहेर जायच्या आधी झाकण उघडून मोबाईलने आतले फोटो काढा, बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क तिन्हीच्या स्टिकरवरचे नंबर वाचता येतील असे. हार्ड डिस्क शक्यतो काढून घरीच ठेवा, डिस्प्ले तपासायला तिची गरजच नसते. बदललेला जुना पार्ट परत मागा, द्यायला टाळाटाळ केली तर तिथेच समजा. आणि बोलवायच्या आधी मॉनिटरची केबल बघा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच हवी, बोर्डाच्या पोर्टला लावली तर बऱ्याचदा स्क्रीन काळीच राहते. प्लग काढून बोर्डावरचा ३ व्होल्टचा गोल सेल पाच मिनिटं काढून परत बसवून बघा. हे सगळं करूनही काही नाही झालं तर बोर्ड किंवा एसएमपीएस (आतल्या पार्टना वीज पुरवणारा डबा) खरंच गेलेला असू शकतो, सगळेच रिपेअरवाले खोटारडे असतात असं माझं म्हणणं नाही.

पैशाचं दुःख मी विसरलो असतो. त्या डिस्कवर बाबांचे फोटो होते, बाबा गेल्यानंतर त्यांच्या मोबाईलमधून उतरवून घेतलेले, दुसरी कॉपी कुठेच नाही. भावाने डिस्क त्याच्या कॉम्प्युटरला लावून रिकव्हरी चालवली. फॉरमॅटनंतर ज्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं नव्हतं तिथलं परत आलं, जिथे विंडोज बसलं आणि मी महिनाभर वापरलं तिथलं गेलं ते गेलंच. परत आलेल्या फाइल्सना नावं नाहीत, तारखा नाहीत, नुसते आकडे. रोज रात्री थोड्या थोड्या उघडून बघतोय, बरेच फोटो अर्धे राखाडी येतात. बाबांचे एकोणीस सापडलेत अजूनपर्यंत.