जीपीएक्स ६००० घ्यावे का? नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मिनेलॅब कंपनीचे जीपीएक्स ६००० हे सोने शोधण्याचे यंत्र मी मार्च २०२५ मध्ये विकत घेतले आणि नोव्हेंबर संपेपर्यंत ४१ दिवस ते जमिनीवर फिरवले. हे मॉडेल २०२१ मध्ये बाजारात आले असले तरी मी घेतले तेव्हा जीपीएक्स मालिकेतले ते सर्वांत अलीकडचे होते. किंमत तेव्हा आठ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबाने चार लाख रुपयांहून अधिक. एवढे पैसे छंदावर घालावेत का, या प्रश्नाने मला जवळजवळ वर्षभर अडवून धरले होते. याच विचारात असलेल्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर सांगली जिल्ह्यातल्या विट्याचे. आमच्या भागातली शेकडो कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आणि आजोबांनीही उभी हयात कोइमतूरला सोने गाळण्यात घालवली. त्यामुळे भट्टीतून निघालेले सोने मी लहानपणापासून पाहिले होते, पण जमिनीतून निघालेले सोने कधीच पाहिले नव्हते. नोकरीच्या निमित्ताने मेलबर्नला आल्यावर कळले, की इथून सुमारे दोनशे किलोमीटरवर डनॉली, मोलियागुल, टार्नागुला ही गावे ज्या पट्ट्यात येतात तिथे सामान्य माणसालाही सोने शोधण्याचा हक्क आहे, आणि तेव्हापासून या विषयाने मनात घर केले.

या हक्काला ‘मायनर्स राइट’ म्हणतात. १८५१ मध्ये इथल्या व्हिक्टोरिया राज्यात सोने सापडले, त्यानंतर परवान्याच्या जाचक शुल्कावरून खाणकामगारांचा असंतोष वाढत गेला आणि ३ डिसेंबर १८५४ रोजी बॅलरॅटला युरेका स्टॉकेडचा रक्तरंजित उठाव झाला. पुढच्याच वर्षी जुना परवाना रद्द होऊन हा हक्क आला. आज तो अगदी थोड्या डॉलरांत मिळतो, दहा वर्षे चालतो आणि त्याखाली सापडलेले सोने शोधणाऱ्याचेच राहते. अटी मात्र पाळाव्याच लागतात. हातानेच खणायचे, प्रत्येक खड्डा बुजवायचा, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी घ्यायची, आणि बंदी असलेली उद्याने तसेच आदिवासींच्या वारशाच्या जागा यांना हात लावायचा नाही. यंत्राच्या किमतीचा विचार करण्याआधी हा कागद खिशात असला पाहिजे.

माझे पहिले यंत्र गोल्ड मॉन्स्टर १००० होते. नव्या यंत्राच्या साधारण सहाव्या हिश्शात मिळणारे हे यंत्र ४५ किलोहर्ट्झच्या अखंड लहरीवर चालते. गारगोटीच्या, लोह कमी असलेल्या फिकट जमिनीवर त्याने मला चांगली साथ दिली. पण या पट्ट्यातली पुष्कळशी जमीन तांबड्या चिकणमातीची आणि लोहखनिजाच्या खड्यांनी भरलेली आहे. अखंड लहर पाठवणाऱ्या यंत्राला मातीतल्या लोहाचा आवाज आणि सोन्याचा आवाज एकाच वेळी ऐकावा लागतो, आणि अशा जमिनीत लोहच वरचढ ठरते. संवेदनशीलता उतरवली की यंत्र शांत होते, मात्र बारीक सोनेही त्याच्या कानाआड जाते. दोन हंगाम मी ही ओढाताण सोसली.

जीपीएक्स ६००० ज्यावर चालते, त्या पल्स इंडक्शनची पद्धत वेगळी आहे. कॉइलमधून, म्हणजे जमिनीलगत फिरवायच्या चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून, विजेचा जोरदार झटका पाठवून तो एकदम बंद करतात. त्या बदलामुळे जवळच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि ते विरत असताना निर्माण होणारा क्षीण प्रतिसाद यंत्र टिपते. मोठ्या गोळ्यातले प्रवाह सावकाश विरतात, कणाएवढ्या सोन्यातले मात्र काही मायक्रोसेकंदांतच संपतात. जुन्या पल्स यंत्रांना खोलवरचे मोठे सोने कळत असे, पण कण निसटत, कारण त्यांचे कान उघडेपर्यंत कणाचा आवाज संपलेला असे. जीपीएक्स ६००० ची खरी ख्याती इथे आहे. ते तापट, म्हणजे लोहखनिजाने भरलेल्या, जमिनीतही बारीक सोने ऐकते, आणि माझ्या अनुभवात ती ख्याती खरी ठरली.

वजन २.१ किलो. हा आकडा कागदावर वाचताना क्षुल्लक वाटतो, पण मी एकदा एका परिचितांचे याच कंपनीचे जीपीझेड ७००० हे यंत्र दिवसभर वापरून पाहिले होते. ते तीन किलोंहून जड आहे आणि खांद्याच्या पट्ट्याशिवाय चालवता येत नाही. सायंकाळी माझ्या उजव्या हाताने चहाचा कपही उचलवत नव्हता. नव्या यंत्राने मी सकाळी आठ ते दुपारी तीन सहज काम करतो. माझ्या पन्नाशीच्या मनगटाचा विचार करता, खरेदीच्या निर्णयात या गोष्टीला मी निम्मे गुण देईन, कारण थकलेला हात कॉइल जमिनीपासून उचलू लागतो आणि दोन इंच उंचावलेल्या कॉइलला बारीक सोने ऐकूच येत नाही.

बटणे मोजकीच आहेत. जमिनीचा प्रकार निवडायचा, संवेदनशीलता स्वयंचलित ठेवायची किंवा १ ते १० मध्ये हाताने ठरवायची, आजूबाजूच्या विजेच्या लहरींतून शांत वाहिनी शोधायला लावायची, बस्स. जमिनीशी जुळवून घेण्याचे काम यंत्र चालता चालता स्वतःच करते. पहिले सहा दिवस मी हट्टाने संवेदनशीलता १० वर ठेवली आणि कटकट आवाजांमागे धावत राहिलो. सातव्या दिवशी ती स्वयंचलितवर आणली आणि त्याच दुपारी पहिला तुकडा हाती आला.

मोलियागुलच्या बाहेर एक कोरडा ओहोळ आहे. याच मोलियागुलला ५ फेब्रुवारी १८६९ रोजी ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा जगप्रसिद्ध गोळा जमिनीखाली जेमतेम तीन सेंटिमीटरवर सापडला होता आणि त्यातून सुमारे ७१ किलो सोने निघाले होते. अशा जागी दीडशे वर्षे माणसे फिरली आहेत आणि १९७० नंतर डिटेक्टर घेतलेली माणसेही असंख्य वेळा फिरली आहेत. जुन्या यंत्राने मी हा ओहोळ दोन हंगामांत चार वेळा विंचरला होता आणि मला तिथे एकच तुकडा मिळाला होता. नव्या यंत्राने तीन दिवसांत सात मिळाले. खरेदी योग्य होती की नाही, याची माझ्यापुरती कसोटी हीच.

त्यातला तिसरा तुकडा अजून डोळ्यांपुढे आहे. आयर्नबार्क या निलगिरीच्या जातीतल्या झाडाच्या एका मुळालगत हेडफोनमधला संथ गुंजारव किंचित वाकला, इतका किंचित, की श्वास रोखून पुन्हा कॉइल फिरवावी लागली. दोन्ही बाजूंनी फिरवली तरी आवाज त्याच ठिकाणी वाकत होता. पायाने वरचा पाचोळा व खडे सारले, आवाज तिथेच. कुदळीने चार बोटे माती काढली, आवाज थोडा ठसठशीत झाला. मग ती माती प्लास्टिकच्या स्कूपमध्ये घेऊन कॉइलवरून नेली, निम्मी टाकली, उरलेली पुन्हा नेली, पुन्हा निम्मी टाकली, असे करत शेवटी चिमूटभर ओली तांबडी माती तळहातावर राहिली. बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकून अंगठ्याने चोळल्यावर ज्वारीच्या कणीएवढा पिवळा ठिपका उजळला. घरी आल्यावर तो काट्यावर ०.१२ ग्रॅम भरला. विट्याला व्हिडिओवर दाखवला तेव्हा आमच्या घरचे अण्णा चष्मा वर करून म्हणाले, “अरे, ही तर बरोबर एक गुंज झाली. आणि एवढ्या मोठ्या रानात ते यंत्र गुंजेला ओळखतं?” ९६ गुंजांचा जुना तोळा ज्या घरात मोजला गेला, तिथल्या माणसाने केलेली ही पारख मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाची वाटते.

आता अडचणी. या यंत्राला लोखंड आणि सोने यांतला भेद सांगता येत नाही, तशी सोयच त्यात नाही. बुटाचे खिळे, पत्र्याचे तुकडे, बंदुकीचे छर्रे, सगळे खणावेच लागते. कुदळीच्या पात्याला जोरकस चुंबक बसवल्यामुळे लोखंड लवकर निघून जाते, शिशाला मात्र काही उपाय नाही. छर्र्याचा आणि बारीक सोन्याचा आवाज माझ्या कानांना आजही सारखाच वाटतो. नऊ महिन्यांच्या नोंदवहीनुसार मला सोन्याच्या एका तुकड्यामागे सरासरी १४ निरुपयोगी वस्तू खणाव्या लागल्या. ज्यांना वारंवार गुडघ्यावर बसणे जड जाते, त्यांनी हे गणित आधी करावे. जुन्या छावण्यांच्या जागी, जिथे पत्रा आणि खिळे यांचा सडा असतो, तिथे मी अजूनही गोल्ड मॉन्स्टरच नेतो, कारण त्याचा दर्शक निदान लोखंडाची शक्यता तरी दाखवतो.

उच्चदाबाच्या विजेच्या तारांखाली किंवा दूरवर वादळ असताना ११ इंची मोनो (एकाच वेटोळ्याच्या) कॉइलवर काम करणे कठीण जाते. पल्स पद्धतीचे कान तीक्ष्ण असतात, त्यामुळे हा गुणाबरोबर येणारा दोष मानावा. १४ इंची डीडी (दोन वेटोळ्यांच्या) कॉइलने हा त्रास बराच कमी होतो, पण तिची बारीक सोन्यावरची पकड सैल आहे. मी दहातले नऊ दिवस ११ इंची कॉइलच वापरतो. या संदर्भात एक तक्रार आहे, तीही यंत्राविषयी नाही. यंत्र घेतले त्या दुकानातल्या विक्रेत्याने मोठी १७ इंची कॉइलही त्याच दिवशी घेण्याचा आग्रह धरला, ‘खोलवरचे सोने हवे असेल तर हीच पाहिजे’ असे सांगितले, आणि मी ती घेतली. नऊ महिन्यांत ती चार वेळा खोक्याबाहेर आली. खोल, उघडी, नांगरलेली जमीन मिळाली तरच तिचा उपयोग आहे आणि ओहोळाच्या झुडपांत ती नुसती अडते. ते पैसे मी एखाद्या जाणत्या माणसाकडून दोन दिवस शिकण्यात घातले असते, तर पहिले सहा दिवस वाया गेले नसते.

आता हिशेब. ४१ दिवसांत ५३ तुकडे मिळाले, एकूण १९.४ ग्रॅम. सर्वांत मोठा ३.८ ग्रॅमचा, सर्वांत लहान ०.०८ ग्रॅमचा. यंत्र घेतले तेव्हा सोन्याचा भाव ग्रॅमला सुमारे दीडशे ऑस्ट्रेलियन डॉलर होता. त्या भावाने फक्त यंत्राची किंमत भरून निघायला ५३ ग्रॅम सोने लागते, आणि त्यात पेट्रोल, मुक्काम व वाया गेलेली कॉइल धरलेली नाही. भाव नंतर बराच चढला हे खरे, पण चढत्या भावाचे श्रेय यंत्राला देता येत नाही. माझ्या गतीने वसुलीला आणखी दीड-दोन वर्षे लागतील आणि मी दर महिन्याला चार-पाच दिवस देतो तेव्हा ही गती आहे. वर्षाकाठी सहा-सात दिवसच मोकळे मिळणाऱ्या माणसाला मी हे यंत्र घेण्याचा सल्ला देणार नाही.

अशा माणसाने २०२३ ची गोष्ट ध्यानात ठेवावी. याच पट्ट्यात एका हौशी शोधकाला ४.६ किलोचा दगड मिळाला, त्यात २.६ किलो सोने होते आणि त्याची किंमत दोन लाख चाळीस हजार डॉलर ठरली. त्याच्या हातातले यंत्र साधारण बाराशे डॉलरचे होते. १९८० मध्ये किंगोअरजवळ सापडलेला २७.२ किलोचा ‘हँड ऑफ फेथ’ तर आजच्या मानाने फारच प्राथमिक यंत्राने सापडला. मोठा गोळा कोणत्याही यंत्राला ऐकू येतो, फक्त कॉइल त्याच्यावरून जायला हवी. महागड्या यंत्राने हाती येते ते बाकीच्यांच्या कानांतून सुटलेले बारीक आणि तापट मातीतले सोने, आणि ते मिळवायला चिकाटीचे पुष्कळ दिवस लागतात. म्हणून माझे मत असे, की पहिला हंगाम स्वस्त यंत्रावर काढावा, मग इथल्या भाड्याने यंत्र देणाऱ्या दुकानांतून हे यंत्र दोन-तीन दिवस घ्यावे, आणि आपण आधी पिंजून काढलेल्या जागीच ते फिरवून पाहावे. तिथे नवे तुकडे निघाले, तर निर्णय आपोआप होतो. अनोळखी जागी नेले, तर यश यंत्राचे की जागेचे, हे कळत नाही.

महाराष्ट्रातून दोघा-तिघा नातेवाइकांनी विचारले, म्हणून हेही लिहितो. भारतात असा वैयक्तिक हक्क देणारी व्यवस्था नाही. सोन्यासारखी खनिजे १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या कक्षेत येतात, आणि जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. गडकोटांवर यंत्र फिरवण्याचा तर विचारही करू नये. तो आपल्या वारशावरचा घाला ठरेल आणि संरक्षित स्थळी खणणे हा गुन्हाही आहे. गावी नेण्यासाठी म्हणून हे यंत्र कोणी घेऊ नये.

जुने घेणार असाल तर एक काळजी घ्या. या कंपनीच्या यंत्रांच्या हुबेहूब नकला बाजारात फिरत असतात. अधिकृत विक्रेत्याचे बिल आणि अनुक्रमांक जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि विकणाऱ्याच्या अंगणात का होईना, तांबड्या मातीत पुरलेल्या गुंजभर सोन्यावर कॉइल फिरवून पाहा. मी अण्णांनी ओळखलेला तो तुकडा त्यासाठीच एका चपट्या प्लास्टिकच्या डबीत ठेवला आहे, आणि प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला तो मातीखाली सरकवून, यंत्राचा आवाज वाकतो आहे ना, हे पाहूनच पहिले पाऊल टाकतो.