खांद्यामागचा तीळ काढल्यानंतरचे नऊ महिने

माझ्या उजव्या खांद्याच्या मागे असलेला तीळ एका खासगी त्वचारोग क्लिनिकमध्ये तपासून घेऊन शस्त्रक्रियेने काढला, त्याला आता नऊ महिने पूर्ण झाले आहेत. अशा उपचाराबद्दलचे बहुतेक अनुभव टाके निघाल्याच्या आठवड्यात लिहिलेले असतात आणि त्या वेळी सगळेच खूश असतात. जखम पुढे कशी वागते, व्रण कुठे स्थिरावतो आणि आपण पैसे नेमके कशाचे मोजले हे कळायला मात्र बरेच महिने जावे लागतात, म्हणून मी मुद्दाम थांबून लिहीत आहे.

हा तीळ माझ्या विशीपासूनचा. सपाट होता तोवर घरात सगळे त्याला तीळ म्हणत, थोडा वर आल्यावर तो मस झाला, आणि बॅगेच्या पट्ट्याखाली घासू लागल्यावर कोणीतरी त्याला चामखीळही म्हणून टाकले. बोलताना आपण हे शब्द सैलपणे वापरतो, पण डॉक्टरांपुढे त्यांचा घोळ होऊ देऊ नये, कारण चामखीळ विषाणूमुळे येते आणि तीळ हा त्वचेतील रंगपेशींचा पुंजका असतो. दोन्हींची तपासणी आणि उपचार वेगळे. मला काळजी वाटली ती घासण्यामुळे नव्हे. साधारण वर्षभरात त्याचे एक टोक उरलेल्या भागापेक्षा काळपट झाले होते. पाठीवरचे स्वतःला दिसत नाही, त्यामुळे पतीने शेजारी मोजपट्टी धरून दर महिन्याला फोटो काढले होते, आणि पुढे डॉक्टरांना माझ्या वर्णनापेक्षा त्या फोटोंचाच उपयोग अधिक झाला.

पहिल्यांदा मी ज्या ठिकाणी गेले ते मुख्यतः सौंदर्योपचाराचे केंद्र होते. तिथल्या डॉक्टरांनी टेबलाच्या पलीकडून, खुर्चीवरून न उठता, नुसत्या डोळ्यांनी पाहिले आणि लेझरने दहा मिनिटांत जाईल, टाकाही पडणार नाही, असे सांगितले. काढलेला भाग तपासायला पाठवणार का, असे मी विचारले, तेव्हा लेझरमध्ये पाठवण्यासारखे काही उरतच नाही, असे उत्तर अगदी गुणवैशिष्ट्य सांगावे तशा सुरात मिळाले. मी उठले ते त्याच वाक्यावर. रंग बदललेला तीळ आधी जाळून टाकायचा आणि तो काय होता हे कायमचे अज्ञात ठेवायचे, हा व्यवहार मला पटण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या क्लिनिकमधील त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिली वीस-पंचवीस मिनिटे त्या तिळाकडे पाहिलेच नाही म्हटले तरी चालेल. त्यांनी पाठ, पोटऱ्या, टाळू, तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखेसुद्धा पाहिली. तळपायांचे कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले की, मेलॅनोमा हा रंगपेशींचा कर्करोग गडद वर्णाच्या लोकांत एकंदरीने कमी आढळतो, पण ज्यांना होतो त्यांच्यात तो तळवे, तळपाय आणि नखांखाली असण्याचे प्रमाण मोठे असते आणि तिथे कोणी पाहत नसल्याने उशिरा कळतो. बॉब मार्ले या गायकाचे उदाहरण त्यांनीच दिले; त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असलेल्या मेलॅनोमाचे निदान १९७७ मध्ये झाले आणि १९८१ मध्ये तो गेला. सगळे अंग पाहण्याचे दुसरे कारण मला अधिक रोचक वाटले. एकाच माणसाचे तीळ बहुधा एकमेकांसारखे दिसतात, आणि जो त्या कुटुंबात शोभत नाही त्याच्यावर नजर ठेवायची असते. माझ्या अंगावरचे इतर तीळ एकसारख्या तपकिरी रंगाचे निघाले आणि खांद्यामागचा तेवढा वेगळा.

मग त्यावर जेलचा थेंब टाकून त्यांनी डर्मोस्कोप टेकवला. हे हातात मावणारे, प्रकाश असलेले, साधारण दहापट मोठे दाखवणारे भिंग असते. जेलमुळे त्वचेवरून होणारे परावर्तन कमी होते आणि पृष्ठभागाखालची रंगाची जाळी दिसू लागते. ती जाळी त्यांनी मला पडद्यावर दाखवली. एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखी सारख्या विणीची, आणि काळपट टोकाकडे विस्कटलेली, मधेच जाड झालेली. संशयास्पद तीळ ओळखण्यासाठी असमानता, कड, रंग आणि व्यास हे चार निकष न्यूयॉर्क विद्यापीठातील डॉक्टरांनी १९८५ मध्ये मांडले आणि काळानुसार होणारा बदल हा पाचवा निकष २००४ मध्ये त्यांत आला. व्यासाची मर्यादा ६ मिलिमीटर धरतात. माझा तीळ ७ बाय ५ मिलिमीटरचा होता. तो निरुपद्रवी असण्याचीच शक्यता जास्त आहे, असे बाईंनी सरळ सांगितले आणि तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढून तुलना करायची किंवा पूर्ण काढून तपासायला पाठवायचे, असे दोन पर्याय दिले. आमच्याकडे वर्षभराचे फोटो आधीच होते आणि बदल त्यांत दिसत होता, म्हणून मी दुसरा निवडला.

वरवर तासून का नको, हेही मी विचारले, कारण त्यात टाके नसतात. फुगीर आणि निःसंशय निरुपद्रवी मसासाठी ती पद्धत चांगली आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. पण शंका असेल तेव्हा खोली लागते. तीळ दुर्दैवाने मेलॅनोमा निघाला, तर पुढचा सगळा उपचार त्याच्या मिलिमीटरमधील जाडीवर ठरतो. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मांडलेले ते माप तीळ अर्ध्यात तासला असेल तर घेताच येत नाही. लेझरचे तर बोलायलाच नको.

इथवर सर्व उत्तम होते. व्रणाबाबत मात्र मला पुरेशी कल्पना शस्त्रक्रियेच्या दिवशी, टेबलावर पालथे झोपल्यावर आली. तिळाभोवती २ मिलिमीटर निरोगी त्वचा सोडून पेनाने आखणी करतात आणि कडा सपाट मिटाव्यात म्हणून तो आकार पानासारखा, दोन्ही टोकांना निमुळता ठेवतात. त्याची लांबी रुंदीच्या सुमारे तिप्पट असते. म्हणजे ५ मिलिमीटर रुंद तिळासाठी ९ मिलिमीटर रुंदीचे पान आणि जवळजवळ २७ मिलिमीटरची रेघ. तीळ करंगळीच्या नखापेक्षा लहान आणि व्रण जवळपास तीन सेंटीमीटर, हा हिशेब सल्लामसलतीच्या दिवशी कागदावर काढून दाखवायला दोन मिनिटे लागली असती.

भुलेचे इंजेक्शन झोंबते, पण पंधरा-वीस सेकंदच. लिडोकेनमध्ये अॅड्रेनलिन मिसळलेले असल्याने रक्त कमी येते आणि त्याचा परिणाम होईपर्यंत थोडे थांबावे लागते. नंतर वेदना नव्हती. ओढ जाणवत होती, कोणी अंगातल्या कापडाची शिवण ओढून पाहावी तशी, आणि रक्तवाहिन्या बंद करताना केस जळल्यासारखा वास येत होता, ज्याची पूर्वसूचना मिळाली असती तर बरे झाले असते. काढलेला तुकडा पाहायचा आहे, असे मी आधीच सांगून ठेवले होते. फॉर्मॅलिनच्या छोट्या बरणीत तो भोपळ्याच्या बीएवढा दिसत होता आणि त्याच्या एका टोकाला काळ्या दोऱ्याचा टाका घातलेला होता. कड साफ नसल्याचे प्रयोगशाळेत आढळलेच, तर ती खांद्याकडची की कण्याकडची हे त्या टाक्यावरून कळते. परिचारिकेने माझे नाव आणि जागा मोठ्याने वाचून चिठ्ठी झाकणावर न लावता बरणीच्याच अंगावर लावली, कारण झाकणे बदलू शकतात. या क्लिनिकवर माझा विश्वास बसला तो बहुधा त्या चिठ्ठीमुळे.

रिपोर्ट बाराव्या दिवशी आला. स्वागतकक्षातून फोन करून "सगळे नॉर्मल आहे" एवढेच कळवण्यात आले आणि प्रत मागितल्यावर गरज काय, असा प्रतिप्रश्न झाला. मी प्रत घेतलीच. त्यात संयुक्त प्रकारचा मेलॅनोसाइटिक नेव्हस (तिळाचेच वैद्यकीय नाव), पेशींत सौम्य अनियमितता आणि सर्व कडा मोकळ्या, असे लिहिले होते. म्हणजे कर्करोग नाही, पुन्हा कापण्याची गरज नाही, पण "सगळे नॉर्मल" यापेक्षा हे थोडे अधिक आहे, आणि उद्या दुसऱ्या डॉक्टरांसमोर जाताना तो फरक माहीत असलेला बरा.

टाके चौदाव्या दिवशी निघाले. चेहऱ्यावरचे आठवड्याच्या आत काढतात, पाठीवरचे मात्र जास्त दिवस ठेवावे लागतात, कारण तिथली त्वचा सतत ताणली जाते. जड उचलू नका, अशी सूचना मिळाली होती, पण किती दिवस हे सांगितलेले नव्हते. नंतर विचारल्यावर कळले की, तीन आठवड्यांनी व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी असते आणि कालांतराने ती फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते. टाके निघाले म्हणजे झाले, अशा समजुतीत मी तिसऱ्याच आठवड्यात पाठीवर भरलेली बॅग घेऊन हिंडत होते.

माझी खरी तक्रार सहाव्या आठवड्यातील आहे. व्रणाच्या मध्यावर पुळी आली, फुटली आणि तिच्यातून पांढरट दोऱ्याचे टोक डोकावू लागले. फोनवर आठ दिवसांनंतरची वेळ आणि पुन्हा पूर्ण सल्लाशुल्क सांगण्यात आले. शेवटी मी फोटो पाठवून हटून बसले, तेव्हा डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी बोलावून चिमट्याने तो दोरा दोन मिनिटांत काढला. आतून घातलेला, आपोआप विरघळणारा टाका कधी कधी शरीर बाहेर ढकलते. हे सर्रास होते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ असती, तर मी जंतुसंसर्गाच्या भीतीने दोन रात्री जागून काढल्या नसत्या.

तिसऱ्या महिन्यात व्रण सर्वांत वाईट दिसत होता; उंचावलेला, लालसर जांभळा आणि खाजरा. खांदे, छाती आणि पाठीचा वरचा भाग या जाड व्रणासाठी कुप्रसिद्ध जागा आहेत. मी रोज सिलिकॉन जेल लावले, त्यातला किती गुण जेलचा आणि किती काळाचा हे सांगता येणार नाही. सहाव्या महिन्यापासून तो सपाट होत गेला. आज तो तीन सेंटीमीटर लांब, मध्यावर ४ मिलिमीटरपर्यंत रुंदावलेला आणि आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गडद आहे. केवळ दिसण्यासाठी मी तीळ काढला असता, तर हा सौदा तोट्याचा झाला असता.

पुन्हा वेळ आली तर मी याच डॉक्टरांकडे जाईन, मात्र व्रणाची लांबी, रिपोर्टची प्रत आणि नंतरच्या भेटींचे शुल्क या तीन गोष्टी आधी लेखी घेईन. कापण्याच्या वीस मिनिटांसाठी मी गेले नव्हतेच. त्याआधीचे पाहणे आणि त्यानंतरची प्रयोगशाळा यांसाठी गेले होते, आणि त्या दोन्हींत मला खोट काढता आली नाही. डाव्या पोटरीवरच्या दुसऱ्या एका तिळाचे फोटो आम्ही मोजपट्टीसह दर महिन्याला काढतो. नऊ महिन्यांत तो जसाच्या तसा आहे. बॅग मी पुन्हा उजव्या खांद्यावर घेऊ लागले आहे आणि पट्टा सरकला की व्रणाच्या खालच्या टोकाशी बोटभर जागा अजून बधिर असल्याचे जाणवते.