सोलर पंपाच्या पेटीत एसीचे एसपीडी घालून होणारी फसवणूक

रावेर, यावल, चोपड्याकडे मे महिन्यात वळवाच्या विजा सुरू झाल्या की सोलर पंपाचे कंट्रोलर जळतात. मग "वीज अंगावर पडली तरी काही होणार नाही" असं सांगून एसपीडीची (विजेचा झटका अर्थमध्ये सोडून कंट्रोलर वाचवणाऱ्या उपकरणाची) पेटी गळ्यात मारणारे शिवारात फिरू लागतात. ऐन उन्हात केळीला पाणी थांबवता येत नाही, त्यामुळे शेतकरी घासाघीस न करता पैसे देऊन टाकतो.

केळीच्या मळ्यावरची अशी एक पेटी कंट्रोलर जळाल्यावर उघडली. झाकणावर ठळक अक्षरात '40 केए', म्हणजे 40 किलोअँपिअरचा झटका सोसणारी. सोलर पॅनलची वीज डीसी, पण आत 385 व्होल्टची दोन एसी मॉड्यूल (घरच्या लाइटच्या विजेसाठीची), एक प्लसवरून अर्थला, दुसरं मायनसवरून. पॅनल 16, प्रत्येकाचं ओपन सर्किट (काही न जोडता मिळणारं) व्होल्टेज 46, म्हणजे स्ट्रिंगला (एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेला) 736 व्होल्ट. केबल धड आहे तोवर एकेका मॉड्यूलवर निम्मे, 368 येतात. म्हणून बसवताना सगळं ठीक दिसतं. उंदराने केबल कुरतडली, चर ओला झाला, की एक बाजू अर्थला लागते आणि दुसऱ्या बाजूच्या मॉड्यूलवर पूर्ण 736 व्होल्ट येतात. ते तापतं, वितळतं. डीसीत करंट एसीसारखा शून्यावरून जात नाही, त्यामुळे ठिणगी विझत नाही आणि प्लास्टिक पेट घेतं. इथे तेच झालं होतं.

शाबूत राहिलेलं मॉड्यूल फोडलं, तर आत 14 मिमीची बारीक चकती निघाली. ती जेमतेम 5 केएचा एखादा झटका सोसते. 40 केएसाठी साधारण 34 मिमीचा चौकोनी ठोकळा लागतो. मॉड्यूलच्या खिडकीतला हिरवा रंग म्हणजे नुसती चिकटवलेली पट्टी. मॉड्यूल तापल्यावर सुटून लाल दाखवणारी यंत्रणा आत नव्हतीच.

घेताना लेबलवर डीसी, टाइप 2 (थेट न पडलेल्या विजेचे झटके अडवणारा प्रकार) आणि आयईसी 61643-31 हा मानकाचा क्रमांक छापलेला बघा. 61643-11 असेल तर ते एसीचं. व्होल्टेज स्ट्रिंगच्या 1.2 पट धरा: 736 ला 883, म्हणजे 1000 व्होल्टचं घ्या. थंडीच्या सकाळी पॅनलचं व्होल्टेज वाढतं, म्हणून ही सूट. 40 केए हा कमाल आकडा झाला. नॉमिनल (पुन्हा पुन्हा सोसायचा) 20 केए आणि चाचणीच्या झटक्याचा आकार सांगणारं 8/20 हेही छापलेलं हवं. आणि थेट पडलेली वीज टाइप 2 सोसत नाही, कोणी काहीही सांगो.

चांगला माल घेऊनही वायरिंगमध्ये घोळ होतो. लाइनपासून एसपीडी आणि एसपीडीपासून अर्थपट्टी, दोन्ही मिळून वायर अर्ध्या मीटरच्या आत, तांब्याची, किमान 6 चौरस मिमी. मोठ्या झटक्यात दर मीटर वायरवर हजारेक व्होल्ट जादा चढतात आणि ते थेट कंट्रोलरला बसतात. वायरचं वेटोळं करून ठेवलं असेल तर कापायला लावा. पॅनल कंट्रोलरपासून 10 मीटरपेक्षा लांब असतील तर पॅनलकडेही एसपीडीचा वेगळा संच लागतो.

पक्क्या बिलावर 'डीसी 1000 व्होल्ट, टाइप 2' असं लिहून घ्या आणि लेबलचा फोटो काढा. विकणारा नंतर हात वर करू लागला तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करताना हीच दोन कागदपत्रं लागतात.